सोलच्या बुकचॉनमध्ये संध्याकाळी ५ नंतर पर्यटकांना बंदी का?

दक्षिण कोरियाच्या ग्रुप टूरमध्ये राजधानी सोलमधलं बुकचॉन हानोक व्हिलेज हमखास असतं. ग्योंगबोकगुंग आणि चांगदोकगुंग या दोन राजवाड्यांच्या मधोमध ही वस्ती आहे. 'हानोक' म्हणजे लाकडी, कौलारू पारंपरिक घर. पूर्वी चुलीची गरम हवा जमिनीखालून खेळवून ही घरं उबदार ठेवत. या पद्धतीला 'ओंदोल' म्हणतात.

पण बुकचॉन म्हणजे म्युझियम नाही, इथे लोक राहतात. दिवसभराची गर्दी, गोंगाट, कचरा आणि थेट दारात उभं राहून काढलेले फोटो याला ते वैतागले. अनेकांनी घरंच सोडली.

म्हणून जोंगनो जिल्हा प्रशासनाने १ मार्च २०२५ पासून इथल्या 'रेड झोन'मध्ये संध्याकाळी ५ ते सकाळी १० या वेळेत पर्यटकांना बंदी घातली. नियम मोडल्यास १ लाख वॉन, म्हणजे अंदाजे ६ हजार रुपये दंड होऊ शकतो. रहिवासी, दुकानदार आणि इथल्या गेस्टहाऊसमध्ये मुक्कामी असलेल्यांना सूट आहे.

त्यामुळे टूर बुक करताना बुकचॉनची वेळ आधीच विचारून घ्या. आणि तिथे गेल्यावर आवाज कमी ठेवा, कारण भिंतीपलीकडे कुणाचं तरी घर आहे.