भिंतीआड दडलेली फ्लश टाकी गळते तेव्हा...

प्रतिनिधी

खालच्या मजल्यावरील शेजारी दारात उभे राहतात, आपल्या न्हाणीघराच्या छतावर ओलीचा डाग उमटल्याचे सांगतात, आणि वरच्या सदनिकेतील कुटुंब गोंधळून जाते. 'आमच्याकडे तर सारे कोरडे आहे,' हे त्यांचे उत्तर खोटे नसते. शौचालयाची फरशी कोरडी असते, भिंतीवरच्या टाइल्स स्वच्छ असतात, कमोड झोकात भिंतीला टांगलेला असतो. पाणी मात्र त्या टाइल्सच्या मागे झिरपत असते आणि त्याची पहिली वर्दी लागते ती खालच्या घरात.

मुंबई, ठाणे, पुण्यातील नव्या संकुलांमध्ये आणि नूतनीकरण झालेल्या जुन्या घरांमध्येही भिंतीला टांगलेले, म्हणजे 'वॉल-हंग' कमोड आता सर्रास दिसतात. खालची फरशी पुसायला सोपी, जागा मोकळी आणि टाकी नजरेआड, ही त्यांची आकर्षणे. पूर्वीची टाकी कमोडच्या पाठीवर किंवा डोक्यावर असे; ती गळली की पाणी डोळ्यांसमोर टपकत असे आणि नळवाला दहा मिनिटांत वायसर बदलून जात असे. टाकी भिंतीत गेल्यापासून हा सोपेपणा गेला, असा समज रूढ झाला आहे. त्यामुळे गळतीची तक्रार येताच 'टाइल्स फोडाव्या लागतील' हा निर्णय तपासणीआधीच दिला जातो. मग जुन्या टाइल्सच्या जोडीच्या टाइल्स बाजारात मिळत नाहीत, घरातील एक शौचालय आठवडाभर बंद राहते, आणि एवढे करूनही डाग जागच्या जागी राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. वस्तुतः या यंत्रणेची रचनाच अशी आहे, की तिचे बहुतेक सर्व झिजणारे भाग भिंत न फोडता हाताशी यावेत.

ही रचना एकदा समजून घेणे आवश्यक आहे. भिंतीत टाकी लपविण्याची कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडमधील गेबेरिट कंपनीने अशी टाकी १९६४ मध्ये बाजारात आणली. आजच्या प्रचलित पद्धतीत भिंतीच्या आत एक पोलादी चौकट असते. ती खाली स्लॅबला आणि मागे भिंतीला बोल्टने जखडलेली असते. चौकटीतून पुढे आलेल्या दोन आटेदार सळ्यांवर चिनी मातीचे भांडे अडकवून नटांनी आवळलेले असते. या सळ्यांमधील अंतर बहुधा १८० मिलिमीटर असते. काही भांड्यांत ते २३० मिलिमीटर असते. चौकटीच्या वरच्या भागात प्लास्टिकची टाकी बसते. तिच्या तळातून निघालेली वळणाची नळी फ्लशचे पाणी भांड्याच्या पाठीत नेते आणि तिच्याखालची जाड नळी मैला डक्टमधील उभ्या पाइपापर्यंत पोहोचविते. या दोन्ही नळ्या भांड्याच्या मागील भोकांत रबरी सीलच्या आधारे घट्ट बसतात. भिंतीवर आपल्याला दिसते ती फक्त दोन बटणांची पट्टी. पण ही पट्टी केवळ बटणांची नव्हे. ती टाकीच्या खिडकीचे झाकण आहे.

गळतीचा शोध या रचनेवरूनच घ्यावा लागतो, आणि त्यात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न 'पाणी कुठून येते' हा नसून 'पाणी केव्हा येते' हा आहे. खालच्या घरातील थेंब चोवीस तास पडत असतील तर एक कारण, फ्लश केल्यानंतर वाढत असतील तर दुसरे. येथे एक अडचण मात्र ध्यानात घ्यावी. आपल्याकडे शौचालयाचा स्लॅब बहुधा खोलगट ठेवून त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव घालतात. हा भराव स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. वरची गळती थांबली तरी खाली काही दिवस थेंब पडतच राहतात. त्यामुळे तासाभराच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे.

पहिली चाचणी घरच्या घरी करता येते. बटणपट्टी काढून टाकीत खाण्याचा रंग मिसळावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्याच्या मागील बाजूने रंगीत ओघळ उतरू लागला, तर टाकीच्या तळाशी असलेल्या फ्लश व्हॉल्व्हचे रबरी वायसर झिजले आहे किंवा त्यावर क्षार बसले आहेत, असे समजावे. रंग उतरत नाही, पण टाकी भरल्यावरही आत पाण्याचा आवाज थांबत नाही, तर दोष पाणी भरणाऱ्या तरंगत्या व्हॉल्व्हचा. या टाक्यांमध्ये जादा पाणी मधल्या नळीवाटे भांड्यातच सोडण्याची सोय असते. ते टाकीबाहेर सांडत नाही. म्हणजेच भांड्यात सतत धार लागली आहे एवढ्यावरून शेजाऱ्यांच्या छताचा उलगडा होत नाही. ही धार सरळ मलवाहिनीत जाते. मात्र भांड्यामागील सील सैल असेल, तर हीच क्षुल्लक धार त्यातून अहोरात्र झिरपत राहते. दोन दोष एकत्र आले की गळती सतत होते आणि संशय नाहक भिंतीतील पाइपावर जातो.

ही धार क्षुल्लक म्हणून सोडून देण्याजोगीही नसते. मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा पेला पाणी गेले, तरी दिवसाला १४४ लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर प्रतिदिन हे केंद्राचे मानक आहे. एका झिजलेल्या वायसरपायी घरात एक न दिसणारा माणूस राहावा, असा हा प्रकार. अनेक गृहनिर्माण संस्थांमध्ये सर्वांचे मिळून एकच मीटर असल्याने हा अपव्यय कोणाच्याच बिलात दिसत नाही.

दुसरी चाचणी रात्री करावयाची. टाकीच्या आत, खिडकीतून हात घालता येईल अशा ठिकाणी एक छोटा अँगल कॉक असतो. तो बंद करून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली असेल आणि रंग भांड्यात आला नसेल, तर टाकीला तडा गेलेला असण्याची किंवा तळातील जोड सुटल्याची शक्यता असते. टाकी सहसा अखंड साच्यातून काढलेली असल्याने असे क्वचितच घडते.

तिसरी चाचणी निर्णायक. अँगल कॉक बंद ठेवून, बटण न दाबता, बादलीभर रंगीत पाणी भांड्यात ओतावे. भांड्याच्या मागून, भिंतीलगत रंग दिसला तर मैल्याच्या नळीचे सील निकामी झाले आहे. अशा गळतीला बहुधा दुर्गंधीही असते. बादलीच्या वेळी काहीच झाले नाही, पण बटण दाबल्यावर पाणी आले, तर दोष फ्लशच्या नळीच्या सीलमध्ये आहे. दोन्ही वेळा कोरडे राहिले, तर कमोडला दोष देण्यापूर्वी नहाणी ट्रॅप आणि फरशीचे सांधे तपासावेत. शौचालयातील ओल ही कमोडचीच, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे.

टाकीतील दुरुस्ती अर्ध्या-पाऊण तासाची असते. प्रथम भांड्यावर जाड कापड पसरावे. खाली पडलेला स्क्रू मलवाहिनीत गेला तर पुन्हा हाती येत नाही. बटणपट्टी काही बनावटींत वर सरकवून निघते, काहींत खालून स्क्रू असतात. ताकद लावून उचकटल्यास तिचे नाजूक खटके तुटतात. आतील संरक्षक झाकण काढले की अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करावी. मग पाणी भरणारा व्हॉल्व्ह आणि फ्लश व्हॉल्व्ह एकामागोमाग खिडकीतून बाहेर काढता येतात. काढण्याआधी मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवले तर परत बसविताना घोळ होत नाही. वायसर उलटून पाहावे. कडा कापलेली किंवा रबर फुगलेले असेल तर ते बदलावे. नुसते क्षार असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही वेळ भिजवून मऊ ब्रशने साफ करावे. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत हे क्षार लवकर जमतात आणि गच्चीवरील टाकी धुतल्यानंतर येणारा गाळ पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत अडकतो. नवा भाग घेताना जुना सोबत न्यावा. एका कंपनीचे वायसर दुसऱ्या कंपनीच्या टाकीत 'बसते' म्हणून बसविले जाते आणि महिनाभरात पुन्हा गळते. टाकीत टाकावयाच्या सुवासिक अथवा क्लोरीनच्या वड्यांनीही रबर लवकर खराब होते.

सील बदलण्यासाठी भांडे काढावे लागते, आणि येथेही भिंतीला हात लावावा लागत नाही. भांड्यातील साचलेले पाणी मगाने व स्पंजाने काढून घ्यावे, दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या टोप्या काढून नट १९ नंबरच्या पान्याने सैल करावेत आणि दोघांनी मिळून भांडे सरळ पुढे ओढावे. एकट्याने हे धाडस करू नये. भांडे निघाले की खरी परिस्थिती उघड होते. पुष्कळदा सील शाबूत असते आणि नळीच आखूड निघते. जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स चिकटविण्याची पद्धत आता रूढ आहे. त्यामुळे भिंत जाड होते, भांडे पुढे येते आणि पूर्वीच्या मापाने कापलेली नळी सीलमध्ये पुरेशी शिरत नाही. अशा वेळी योग्य लांबीची नळी घालण्याला पर्याय नाही. सिलिकॉनचा लगदा भरून काम भागवू पाहणारा कारागीर पुढच्या गळतीची तरतूद करून जातो. सील बसविताना सिलिकॉनचे ग्रीस किंवा साबणाचे पाणी वापरावे. यंत्राचे ग्रीस, तेल अथवा पेट्रोलियम जेली लावल्यास अशा सीलसाठी सर्रास वापरले जाणारे ईपीडीएम जातीचे रबर फुगते आणि सैल पडते.

आपल्याकडील एक सवय येथे नोंदवायला हवी. भांडे बसवून झाले की मिस्त्री भिंत व भांडे यांच्यामधील फट पांढऱ्या सिमेंटने चोहोबाजूंनी बुजवून टाकतो. दिसायला ते नीटनेटके वाटते. पण भांड्यावर भार येताच हे सिमेंट तडकते आणि कधीकधी भांड्यालाही तडा जातो. त्याहून गंभीर म्हणजे खालची फट बंद झाल्याने सीलमधून आलेले पाणी बाहेर येऊ शकत नाही. ते भिंतीत आणि भरावात शिरते. भांड्यामागे फोमची किंवा रबराची गादी घालावी, बाजूंना व वर सिलिकॉन भरावे आणि खालची कड मोकळी ठेवावी. मग गळती झालीच तर ती आधी आपल्या फरशीवर दिसेल, शेजाऱ्यांच्या छतावर नव्हे.

भांडे बसताना किंचित जरी हलत असेल, तर नट आवळून थांबू नये. साडेचार इंची किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत चौकटीचे पाय स्लॅबला नीट जखडले नसतील, तर प्रत्येक वापरागणिक भांडे झुलते आणि सील थोडे थोडे सुटत जाते. अशा वेळी फोडकाम टळत नाही. फोडकाम अटळ असलेले दुसरे प्रकरण म्हणजे टाकीला पाणी आणणाऱ्या पाइपाचा जोड. प्लास्टिकचा पाइप पितळी आट्याला मिळतो तेथे तो गळू लागतो. उंच इमारतींत याला दाबाचीही जोड मिळते. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब वाढतो. गच्चीवरील टाकीचे पाणी ठिकठिकाणी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह न लावता थेट तीस मजले खाली आणले, तर तळमजल्याला नऊ बारच्या आसपास दाब सोसावा लागेल. पाइपाचा संशय असल्यास नळवाल्याकडून हातपंपाने दाब-चाचणी करून घ्यावी. काटा स्थिर राहिला तर पाइप निर्दोष. काटा उतरला तरच टाइलला छिन्नी लावावी.

खर्च कोणी करायचा, यावरून शेजाऱ्यांत आणि संस्थेच्या बैठकांत होणारे वाद नवे नाहीत. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत याची वाटणी आहे. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरील सामायिक पाइपांची दुरुस्ती संस्थेने करावयाची. सदनिकेतील शौचालय, सिंक आदींच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाचा. त्यामुळे टाकी आणि भांड्याची सील ही घरमालकाची जबाबदारी ठरते. डक्टमधील उभ्या पाइपाला तडा असेल, तर ती संस्थेची. वरील तीन चाचण्या खालच्या शेजाऱ्यांच्या उपस्थितीत केल्या आणि रंग कोठे दिसला याची छायाचित्रे ठेवली, तर बरेचसे वाद तेथेच मिटतात.

दुरुस्ती झाल्यावर खालच्या छताला लगेच रंग देण्याची घाई करू नये. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तिच्याजवळ तारीख लिहावी आणि दर आठवड्याला पाहावे. रेघेबाहेर ओल सरकली नाही आणि आतील भाग फिका होत गेला, तर गळती थांबली आहे. भरावातील पाणी सुकायला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून अधिक. तोपर्यंत पोपडे खरवडून छत उघडे ठेवावे आणि रंगाऱ्याला दिवाळीच्या आधी बोलवावे.