डोळे येतात कुठून?

टोकियोच्या निशी-कासाईतून एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. मुलाचे डोळे आले म्हणून त्या जवळच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून आत कापसाची काडी फिरवली, पोरगं किंचाळलं, आणि थोड्याच वेळात पट्टीवर रेघ उमटली: अडिनोव्हायरस. आता डॉक्टर सांगेपर्यंत शाळा बंद. ‘आमच्या कोथरूडच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून ड्रॉप्स दिले असते, मग काडी कशाला?’

काडी अशासाठी, की लाल डोळा आपल्या जंतूचं नाव सांगत नाही. पाणी वाहिलं तर विषाणू, चिपडं धरली तर जिवाणू, हा पाठ जुना. नेदरलँड्सच्या रेमको रीटफेल्ड यांनी फॅमिली डॉक्टरांकडे आलेल्या 177 रुग्णांवर लक्षणांची परीक्षा घेतली आणि 2004 साली निकाल छापला. जिवाणू सापडले जेमतेम 32 टक्के जणांत. कामी आला तो अगदी घरगुती प्रश्न: सकाळी दोन्ही डोळ्यांच्या पापण्या चिकटल्या होत्या का? खाज असेल किंवा पूर्वीही डोळे आले असतील, तर जिवाणूची शक्यता कमी. तरीही अँटिबायोटिकचे थेंब सरसकट पडतात, तिथेही आणि इथेही.

पट्टीचंही फार कौतुक नको. रेघ आली तर मानावं. नाही आली तर अडिनो नाहीच, असं नव्हे. शिवाय 2023 च्या पावसाळ्यात आळंदीत आणि मग राज्यभर डोळे आले, तेव्हा त्या साथीत सापडला कॉक्सॅकी ए-24 हा दुसराच विषाणू. त्याच्यापुढे ही पट्टी कोरीच राहिली असती.

जपानीत या दुखण्याला ‘हायारिमे’ म्हणतात. ‘हायारी’ म्हणजे साथ, आणि फॅशनसुद्धा! (आपल्याकडे डोळे नुसतेच ‘येतात’, न सांगता आलेल्या पाहुण्यासारखे.)

पण टोकियो म्हटलं की मला विषाणूतज्ज्ञ रेइसाकु कोनो आठवतात. 1969 मध्ये घानात डोळ्यांत रक्त उतरवणारी नवी साथ आली. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला ‘अपोलो’ म्हटलं. 1971 मध्ये ती कोलकात्यात ‘जय बांगला’ झाली आणि मुंबईतही पसरली. त्याच वर्षी कोनोंच्या टोकियोतल्या प्रयोगशाळेत तिचा विषाणू हाती लागला. याला 37 पेक्षा 33 अंश अधिक मानवतात. हवेला उघडा असलेला डोळा अंगापेक्षा थंड असतो ना! पुढे त्याचं नाव पडलं एंटरोव्हायरस 70. हा पोलिओचा भाऊबंद.

भाऊबंदकी दिसली मुंबईत. जे. जे. रुग्णालयाचे मेंदूविकारतज्ज्ञ नोशिर वाडिया यांच्याकडे धडधाकट मोठी माणसं येऊ लागली: कंबरेपासून कळा, पाय लुळे, पोलिओसारखे. डोळे तर केव्हाच बरे झालेले. पायाच्या दुखण्यात डोळ्यांची आठवण कोण काढणार? वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली. त्यांच्या रुग्णांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आहेत, याचा शोध टोकियोच्या मदतीने लागला. 1974 च्या शोधनिबंधावर कोनोंच्या चमूबरोबर इराणी, कत्रक आणि वाडिया ही नावं आहेत. विषाणूचं श्रेय टोकियोला मिळालं, ते रास्तच. मुंबईच्या वॉर्डातला तो प्रश्न मात्र आपल्याही पुस्तकांत क्वचितच भेटतो: ‘मध्यंतरी डोळे आले होते का हो?’