सिलिका : अंगठीत शोभते, छातीत जाळते

तयार कपड्यांच्या खोक्यात दाण्यांची छोटी पुडी निघते. तिच्यावर ‘सिलिका जेल’ लिहिलेले असते. ती ओल शोषते, त्यामुळे मालाला बुरशी लागत नाही. पण सिलिका म्हणजे नेमके काय, हे आपल्यापैकी किती व्यापाऱ्यांना ठाऊक आहे?

सिलिकॉन हे मूलद्रव्य. त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की सिलिका बनते. कापड मऊ करण्यासाठी वापरतात ते सिलिकोन वेगळे. ते कारखान्यात बनते. सिलिका मात्र कुदरतीतही सापडते. जमिनीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉनच जास्त आहे. गारगोटी म्हणजे सिलिका, नदीच्या वाळूचा मोठा भागही सिलिकाच. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे येथील सिलिका वाळू काचेसाठी व ओतकामासाठी जाते. भाताच्या तुसाच्या राखेतही ती भरपूर असते.

आपण बोटात घालतो तो अकीकसुद्धा सिलिकाच! लाव्हारसाच्या खडकातील पोकळ्यांत ती थराथराने साचून अकीक तयार होतो. भरूच जिल्ह्यात रतनपूरला त्याच्या खाणी आहेत आणि तेथेच बाबा घोर यांचा दर्गा आहे. या धंद्यातील लोक त्यांना फार मानतात. दगड भाजून लाल करतात आणि खंबायतचे कारागीर त्याला घासून पैलू पाडतात.

पण या हुनराची किंमत कारागिराची छाती देते. घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते व सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही, शिवाय क्षयाचा धोकाही वाढतो. आपला कापडधंदाही यातून सुटलेला नाही. जीन्स जुनी दिसावी म्हणून तुर्कस्तानात तिच्यावर वाळूचा मारा करीत. त्यात अनेक तरुण मजूर दगावले, तेव्हा 2009 साली तेथे बंदी आली.

पुडीतील दाणे किंवा बोटातील खडा अपाय करीत नाही. अपाय करते ती कापताना, घासताना उडणारी धूळ. म्हणून काम पाण्याखाली करावे, धूळ ओढणारा पंखा लावावा. मी कापड विकतो, तरी सांगतो की तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही.

या सोयींना खर्च येतो. भाव पाडून माल घेणाऱ्या व्यापारी बांधवांनो, तो खर्च कारागिराच्या माथी मारू नका. त्याचा श्वास ही आपल्यावरची अमानत आहे.