बेटावरची सुट्टी आणि समुद्राचं वेळापत्रक

दिवाळी आटोपली की आमच्या मयूर विहारात मला एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, अंदमानला जायचंय, पाच रात्रींचं पॅकेज आहे, जरा नजर टाका ना." मी कागद हातात घेतो आणि हॉटेलचं नाव न बघता आधी शेवटचा दिवस बघतो. सकाळी हॅवलॉकहून बोट आणि त्याच दुपारी दिल्लीचं विमान, असं लिहिलेलं असेल तर म्हणतो, आधी हे बदलून आणा, मग बाकीचं बोलू. आज त्याचं कारण सांगतो.

डिसेंबर २०१६ ची गोष्ट घ्या. बंगालच्या उपसागरात अंदमानजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झाला. पुढे त्याचंच 'वरदा' चक्रीवादळ झालं आणि ते १२ डिसेंबरला चेन्नईच्या बाजूला धडकलं. पण त्याच्या कितीतरी आधी अंदमानात मुसळधार पाऊस आणि वारा सुरू झाला होता. बोटी बंद झाल्या आणि हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. त्यांना आणायला बित्रा, बंगाराम, कुंभीर ही नौदलाची जहाजं निघाली. पण तीसुद्धा समुद्र थोडा शांत होईपर्यंत थांबून राहिली. पर्यटक सुखरूप परतले, मात्र त्यांची विमानं कधीच निघून गेली होती.

यात दोष कोणाचाच नव्हता. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि मधे उघडा समुद्र. तिथे चालणाऱ्या प्रवासी बोटी वेगवान असतात, पण हलक्या. लाटा वाढल्या की बंदरावरून फेरी थांबवतात, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी चक्रीवादळच यायला हवं असंही नाही, दोन दिवसांचा जोराचा वारा पुरतो. आपण मात्र ती बोट मेट्रोसारखी धरतो, दहा मिनिटं इकडेतिकडे, पण येणारच. सैन्यात कुठलाही बेत आखताना हाताशी राखीव तुकडी ठेवतात. अंदमानच्या बेतात राखीव ठेवायचा तो एक दिवस, आणि तो शेवटी ठेवायचा.

म्हणजे क्रम उलटा करायचा. पोहोचलात की एक रात्र मुक्काम, दुसऱ्या सकाळी बोटीने हॅवलॉक, तिथून नील, आणि परतून शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला. बोट एक दिवस अडली तरी विमान हाती राहतं. नाही अडली, तर सेल्युलर जेल सावकाश बघता येतं. मराठी माणूस तिथे निम्मा त्यासाठीच जातो. सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं त्या तुरुंगात होते, आणि थोरले बंधू बाबारावही तिथेच. सात पाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. विमानातून उतरल्या उतरल्या, अर्धवट झोपेत, तासाभरात उरकण्याची ती जागा नाही. जेल आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असतं ते मात्र आधी विचारून घ्या.

तिकिटावरची नावं बघून गोंधळू नका. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बोलताना अजून सगळे जुनीच नावं घेतात, मीही घेतोय.

दिल्लीकरांना आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे आपलं धुकं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची विमानं उशिरा सुटणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. थोडे पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर दुसरं चुकल्याचा भुर्दंड तुमचा. पुणे, नागपूर, बडोदा, इंदूर इथून जाणाऱ्यांनाही हे लागू आहेच, फक्त धुकं कमी.

आणि महिना? शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दी डिसेंबरात. पण बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा काळ असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात तर मोसमी पाऊसच तिथे येऊन ठेपतो. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला शाळेची सुट्टी पाळायची नसते. आपण जानेवारीचा शेवट ते मार्च हा काळ धरावा. समुद्र शांत, पाणी स्वच्छ.

आता घड्याळ. अंदमान मुंबईपेक्षा जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे, पण वेळ तीच, भारतीय प्रमाणवेळ. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य मुंबईच्या जवळपास ऐंशी मिनिटं आधी. डिसेंबरात पाचच्या सुमारास तिथे सूर्य मावळतो. "चहा घेऊन पाचला किनाऱ्यावर जाऊ" म्हणणारे अंधारात पोहोचतात. दुपारी तीनलाच निघा, आणि सकाळी साडेपाचला उठा.

भरती-ओहोटीचंही तसंच. कोकणातल्या मंडळींना तिथीवरून भरतीची वेळ काढता येते, तिथीची पाऊणपट करायची. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानात घड्याळाच्या वेळा जुळणार नाहीत. पण भरती रोज साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, हे तिथेही खरं. नील बेटावरची खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच नीट बघता येते. हॉटेलात विचारा, "उद्या ओहोटी किती वाजता?" आणि दिवसाचा कार्यक्रम त्याभोवती लावा. खडकांवर शेवाळ असतं, रबरी तळव्याचे बूट घाला. भरती सुरू झाली की फोटो अर्धे राहिले तरी परत फिरा.

पाण्यात उतरण्याबद्दल जरा विस्ताराने बोलतो, कारण इथे जीव जातो. फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. समुद्राची ओढ काय असते ते समजून घ्या. लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलतात, ते पाणी कुठूनतरी परत जायला हवं. ते वाळूच्या दांड्यातल्या एखाद्या खोलगट फटीतून, अरुंद पट्ट्याने, जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तोच भाग शांत दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, पट्टीचा पोहणाराही दमतो. पाठीवर तरंगा, हात वर करा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या आणि मग वळा. दुसऱ्याला वाचवायला स्वतः उडी घेऊ नका. तरंगणारी वस्तू फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा, ट्यूब, जे हाताशी असेल ते, आणि जीवरक्षकाला हाक मारा.

अंदमानात मगरीही आहेत, खाऱ्या पाण्यातल्या. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. काही किनाऱ्यांवर त्यामुळे पाण्यात जाळी लावलेली असते. तिच्या आतच राहा. खाडीचं तोंड आणि खारफुटीची झाडं जिथे आहेत, तिथे गुडघाभर पाण्यातही नको, आणि सूर्य मावळल्यावर कुठेच नको.

बोटीत चढताना दोन गोष्टी बघा, लाइफ जॅकेट आणि माणसांची संख्या. २६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटून अनेक माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. गर्दी दिसली तर उतरा, पैसे बुडाले तर बुडू द्या. संकोचापोटी आपली माणसं गप्प बसतात, हे मला अजिबात पटत नाही.

साठीच्या पुढच्यांनी स्कूबाचा फॉर्म प्रामाणिकपणे भरावा. हृदयविकार, दमा, कानाचं दुखणं असेल तर लपवू नका. बुडी घेतल्यावर चोवीस तास तरी विमानात बसायचं नाही, हवेचा दाब घटला की रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणजे स्कूबाही शेवटच्या दिवशी नको, परत तोच राखीव दिवस! बोट लागत असेल तर मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसा, नजर क्षितिजावर ठेवा, आणि गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्या, मळमळायला लागल्यावर नाही. नेहमीची औषधं परतीच्या तारखेनंतरही चार दिवस पुरतील इतकी, आणि ती हातातल्या पिशवीत. थोडी रोकडही जवळ ठेवा, लहान बेटांवर नेटवर्क रुसतं.

किनाऱ्यावर संध्याकाळी वाळूतले बारीक किडे चावतात आणि खाज आठवडाभर जात नाही. पूर्ण पायांची विजार घाला आणि वाळूवर थेट बसू नका. नातवंडांसाठी प्रवाळाचा तुकडा मात्र उचलू नका, किनाऱ्यावर पडलेला, मेलेला असला तरी. वन्यजीव कायद्याने प्रवाळ संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासताना तो सापडतोच.