बाटलीत भरलेली हवा

कापसाची वेचणी संपली की यवतमाळच्या शिवारात पऱ्हाट्यांचे ढीग पेटतात. थोड्या वेळाने धूर दिसेनासा होतो. तो जातो तरी कोठे?

कोरड्या हवेचा ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन व आरगॉन यांचा असतो. बाकीचे लेशमात्र, म्हणून त्यांना 'लेशवायू' म्हणू. सुमारे तीस किलो ज्वारीत दहा लाख दाणे भरतात. प्रत्येक दाणा म्हणजे हवेचा एक रेणू, असे समजा. त्यांत कार्बन डायऑक्साइडचे दाणे सुमारे ४२०, तर मिथेनचे पुरते दोनही नाहीत! पण हे वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतात. औद्योगिक युगापूर्वी कार्बन डायऑक्साइडचे दाणे २८० च्या आसपासच होते.

ही वाढ मोजायची कोठे? धुराड्याजवळ मोजले, तर त्या धुराड्याचीच हवा मिळेल. म्हणून शास्त्रज्ञ दूरचा समुद्रकिनारा निवडतात. दक्षिण गोव्यातील काबो द रामा येथे १९९३ ते २००२ या काळात काचेच्या बाटल्यांत हवा भरून घेतली जात असे. तिचे पृथक्करण ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या प्रयोगशाळेत होई. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनीही या नोंदींचा अभ्यास केला.

या जागेची गंमत अशी, की येथे मोसमी वाराच शास्त्रज्ञांना मदत करतो. पावसाळ्यात तो विषुववृत्त ओलांडून हिंदी महासागरावरची स्वच्छ हवा आणतो. तेव्हा मिथेन व कार्बन मोनॉक्साइड कमी आढळतात. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून वाहतो आणि हेच वायू वाढलेले दिसतात. दोन्हींतील फरक म्हणजे जमिनीने हवेत घातलेली भर! मिथेन भातखाचरांतून व गुरांच्या रवंथातून येतो, कार्बन मोनॉक्साइड अर्धवट ज्वलनातून.

गोव्याच्या ईशान्येला आपला विदर्भही आहे. बाटलीतला रेणू कोणत्या शिवारातला, हे सांगता येत नाही. परंतु आपला धूर आपल्याच गावात राहत नाही, एवढे नक्की. पऱ्हाट्या बारीक करून मातीत मिसळल्या, तर धूरही टळतो आणि जमिनीलाही खत मिळते.

आता एक प्रयोग करा. जुलैत व डिसेंबरात रोज सकाळी चुलीचा धूर कोणत्या दिशेला जातो ते वहीत लिहा. दोन्ही महिन्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहा. काय आढळले?