क्ष-किरण तंत्रज्ञ होण्यापूर्वी

बारावीचे निकाल लागले की अनेक पालक रेडिओग्राफीच्या अभ्यासक्रमाविषयी आमच्याकडे विचारणा करतात. त्यांना आम्ही प्रथम एकच सांगतो : शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता तपासा. दोन-तीन महिन्यांत ‘एक्स-रे टेक्निशियन’ घडविणाऱ्या वर्गांचे प्रमाणपत्र पुरेसे नसते. अणुऊर्जा नियामक मंडळाला मान्यताप्राप्त संस्थेतील रीतसर प्रशिक्षण अपेक्षित आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण झालेल्यांना पदविका किंवा बी.एस्सी. हे मार्ग खुले आहेत.

हा कडकपणा अनाठायी नव्हे. रुग्णाला कसे झोपवावे, किरण किती सोडावेत, स्त्री गरोदर तर नाही ना हे आधी विचारावे, हे सारे तंत्रज्ञाच्या हाती असते. चूक झाली तर छायाचित्र पुन्हा घ्यावे लागते आणि रुग्णाच्या अंगावर किरणही पुन्हा पडतात. शिशाच्या ॲप्रनखाली छातीवर लावायचा टीएलडी बिल्ला तंत्रज्ञाच्या स्वतःच्या वाट्याला आलेले किरण मोजतो. भारतात त्यांची मर्यादा कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, तर पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. (बिल्ला खुंटीला टांगून काम करणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत!)

आणखी एक. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार पात्र डॉक्टरांनीच करावयाची असते. तंत्रज्ञाला तीही शिकवू, असे सांगणाऱ्या वर्गांची चौकशी अवश्य करावी.