एकाच घरात दोन कागद : सोलापूरच्या मागाला आणि विडीला सरकारी धोरणाने काय दिले?

सरकारी धोरण दिल्लीत किंवा मुंबईत ठरते, पण त्याचा हिशेब सोलापुरात घराच्या उंबरठ्यावर होतो. या शहरात अशी हजारो घरे आहेत, जिथे पुरुष यंत्रमागावर जातो आणि बाई घरी बसून विड्या वळते. पद्मशाली समाजात ही घरे मोठ्या संख्येने आहेत, तशीच ती आपल्या मोमीन व इतर मुस्लिम वस्त्यांतही आहेत. सुताचा भाव, विजेचा दर, तंबाखूवरचा कर, प्रॉव्हिडंट फंडाचा नियम यांपैकी काहीही बदलले की या घराच्या चुलीवर परिणाम होतो. मागाचे धोरण आणि विडीचे धोरण सरकारच्या लेखी वेगळे असले, तरी सोलापुरात दोन्हींची गाठ एकाच घरात पडते.

या घरातल्या दोन कमायांचा हिशेब मांडला तर एक विचित्र गोष्ट दिसते. कारखानदार आणि मागवाला यांच्यापेक्षा विडी वळणाऱ्या गरीब बाईच्या पदरात सरकारी धोरणाचे काही ठोस फायदे अधिक पडले. असे का झाले, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

गिरणीपासून मागापर्यंत

सोलापूरची जुनी गिरणी 1877 सालची. पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी या गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर गिरणगाव झाले. 1949 मध्ये जुन्या गिरणीचे काम थांबले, तेव्हा जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, आणि मालमत्तेच्या हक्कासंबंधीचे आपल्या राज्यघटनेवरचे अगदी सुरुवातीचे निवाडे या सोलापूरच्या गिरणीवरून झाले. सरकारी धोरण आणि सोलापूरची रोजी यांचे नाते इतके जुने आहे.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. रोजगाराचा भार छोट्या यंत्रमागांवर आला. जकार्डवर विणलेली चादर आणि टर्किश टॉवेल यांनी सोलापूरचे नाव राखले. चार, आठ, बारा मागांचा कारखाना आणि त्याच्या आधाराने जगणारे कांडी भरणारे, रंगारी, शिलाईवाल्या, घडी घालणारे, टेम्पोवाले असा हा पसारा आहे. मोठी गिरणी बंद पडली की वर्तमानपत्रात बातमी येते. आठ मागांचा कारखाना बंद पडला तर शेजारच्या चहावाल्यालाच कळते.

1985 सालाचे तीन निर्णय

1985 हे साल सोलापूरच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये संसदेत हातमाग आरक्षण कायदा झाला. काही कापड फक्त हातमागावरच विणावे, असा त्याचा हेतू होता. सुरुवातीला 22 प्रकार राखून ठेवले होते. यंत्रमागधारकांनी कायद्याला आव्हान दिले, पण 1993 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला. पुढे 1996 मध्ये यादी 11 प्रकारांवर आली. त्याच 1985 च्या जूनमध्ये नवे वस्त्रोद्योग धोरण आले. त्याने गिरणी आणि यंत्रमाग यांना एकाच स्पर्धेच्या मैदानात उतरवले आणि यंत्रमागाची नोंदणी सक्तीची केली.

तिसरा निर्णय कोर्टाचा होता. विडी उद्योगाला प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा 1977 पासून लागू झाला होता. पण घरी बसून विडी वळणारी बाई ही आमची कामगारच नाही, असे कारखानदारांचे म्हणणे होते. 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की घरी बसून काम करणारीही कामगारच आहे आणि तिला फंडाचा हक्क आहे.

म्हणजे एकाच वर्षात मागवाल्याला स्पर्धेत ढकलले गेले आणि विडीवाल्या बाईच्या हक्कावर कोर्टाची मोहोर उमटली.

विडी कार्डाची करामत

1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने विडी कामगाराला कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. 1976 मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला गेला. त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती आणि घरांना मदत मिळू लागली. या सगळ्यासाठी बाईकडे एक गोष्ट लागत असे, ती म्हणजे ओळखपत्र. त्यामुळे सोलापुरात ‘कार्डवाली बाई’ या शब्दाला वजन आले.

याच कार्डाच्या आणि संघटनेच्या जोरावर कुंभारी येथे कॉ. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने गोदुताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बाईचा स्वतःचा वाटा असा तिचा हिशेब होता. 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्ते तिचा सोहळा झाला. त्यानंतर रे नगर येथे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातील पंधरा हजार घरे जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. त्यात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगारही आहेत.

पण विडीची कमाई आता टिकणारी राहिलेली नाही. तंबाखूचे दुष्परिणाम कोणी नाकारत नाही आणि पुडक्यावरचे इशारे योग्यच आहेत. 2009 पासून चित्राचा इशारा आला, 2016 पासून तो पुडक्याच्या 85 टक्के भागावर छापावा लागतो. 1 जुलै 2017 पासून विडीवर 28 टक्के जीएसटी आला आणि कल्याण निधीचा उपकर रद्द झाला. तेव्हापासून विडी कामगारांचा दवाखाना आणि शिष्यवृत्ती केंद्राच्या अंदाजपत्रकातील तरतुदीवर अवलंबून आहे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर 18 टक्के आणि तेंदूपानावरचा 5 टक्के करण्याचा निर्णय घेतला. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 1966 चा कायदा त्यांत विलीन झाला. विडी कमी व्हावी, हे धोरण ठरले आहे. मात्र वळणारीच्या हाताला दुसरे काम कोणते, याचे उत्तर त्या धोरणात नाही.

उत्तर शेजारच्याच गल्लीत आहे. टॉवेलची शिलाई, काठ घालणे, घडी, तपासणी, पॅकिंग ही कामे बाई घराजवळ करू शकते आणि अनेक जणी करतातही. म्हणजे विडीतून सुटणारा हात मागाच्या धंद्याने धरायला हवा. त्यासाठी छोटा कारखाना जगला पाहिजे.

मदत आली, पण बँकेच्या दारातून

छोट्या कारखान्याला सरकारने काहीच दिले नाही असे नाही. 1 एप्रिल 1999 पासून वस्त्रोद्योगात नवी यंत्रे घेण्यासाठी ‘टफ’ योजना आली. तिचा मुख्य भाग होता कर्जाच्या व्याजात 5 टक्के सवलत. पुढे छोट्या यंत्रमागधारकांना भांडवली अनुदानाचा पर्यायही दिला गेला. 2016 मध्ये योजनेचे रूप बदलून भांडवली अनुदानावर भर आला आणि 31 मार्च 2022 रोजी तिची मुदत संपली. या तेवीस वर्षांत रूप बदलले, पण अट तीच राहिली. आधी बँकेचे कर्ज, मग सरकारची मदत.

आपल्या समाजाचे घोडे इथेच अडले. एक तर अनेक बांधव व्याजाचा व्यवहार नको म्हणून बँकेकडे जातच नाहीत. दुसरे असे की जे जातात त्यांनाही कर्ज सहज मिळत नाही. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात नमूद आहे की बँक कर्जाच्या खात्यांत मुसलमानांचा जेवढा वाटा आहे, त्यापेक्षा रकमेतला वाटा बराच कमी आहे. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग कर्जासाठी ‘नकारात्मक’ ठरवल्याचेही त्या अहवालात आले. तिसरे कारण मात्र आपले स्वतःचे आहे. जागा भाड्याची, माग भावाच्या नावावर, वीज मीटर वडिलांच्या नावावर, खरेदी रोखीची. अशा कारखान्याला बँकेने कर्ज द्यायचे ठरवले तरी कशाच्या आधारावर देणार?

वीज सवलतीतही हाच अनुभव आला. 27 अश्वशक्तीपेक्षा जास्त भार असलेल्या यंत्रमागांना सवलतीसाठी ऑनलाइन नोंदणीची अट घातली गेली. नोंदणी न केलेल्यांची सवलत थांबली तेव्हा गावोगावच्या यंत्रमागधारकांनी आरडाओरडा केला. 2024 मध्ये राज्य सरकारने जादा सवलत जाहीर केली, तेव्हाही चर्चा पुन्हा नोंदणीचीच झाली.

बिनव्याजी भांडवलाचा विचारही सोलापूर जिल्ह्यात झालेला आहे. 2016 मध्ये लोकमंगल सहकारी बँकेने बार्शी शाखेत बिनव्याजी ठेवींतून बिनव्याजी कर्ज देण्याचा उपक्रम सुरू केला. रक्कम लहान होती, पण सहकारी बँकेत असा विचार होऊ शकतो हे दिसले. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. म्हणजे वरून हे दार उघडेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. वस्तीतली पतसंस्था, बैतुलमाल, भागीदारीत घेतलेला माग हे मार्ग आपल्याच हातात आहेत.

जीएसटी आणि उधारी

1957 पासून कापडावर विक्रीकराऐवजी जादा अबकारी कर होता, त्यामुळे कापडाचा लहान व्यापारी विक्रीकराच्या वह्यांपासून दूर राहिला. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा त्याला पहिल्यांदाच दरमहा हिशेबाची सवय करावी लागली. मालाची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. पण मोठा खरेदीदार करवजावटीसाठी बिल मागतो आणि बिल नसलेल्याचा माल भाव पाडून घेतो. सूट घेणाऱ्याला ती सूट अशी महाग पडते.

उधारी हा त्याहून जुना रोग. माल गेला, पैसे सहा महिन्यांनी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. 2023 च्या अर्थसंकल्पात त्याला जोड मिळाली. या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. हे संरक्षण सूक्ष्म व लघु उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. म्हणून टॉवेल विकणाऱ्या बांधवांनी आपण देणेकरी आहोत की घेणेकरी, हे ओळखून व्यवहार ठेवावा. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही तर आपल्या दीनची शिकवण आहे. मागवाल्याचे बिल हेही त्याच्या मजुराच्या घामाचेच असते.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, उद्यम नोंदणी. 1 जुलै 2020 पासून ती सुरू आहे आणि आधारच्या आधारे मोफत होते. एजंटला पैसे देण्याचे कारण नाही. 45 दिवसांचे संरक्षण हवे असेल तर माल देण्याआधी नोंदणी करून ठेवावी आणि बिलावर तो नंबर छापावा.

दुसरी, भौगोलिक निर्देशांक. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टर्किश टॉवेल यांना हे संरक्षण मिळून अनेक वर्षे झाली. पण नाव गावाला मिळाले म्हणजे प्रत्येक मागवाल्याला मिळाले असे होत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. 2020 मध्ये तिचे शुल्क 500 वरून 10 रुपयांवर आणले गेले. इतर गावांत विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जाते, ही तक्रार सारेच करतात. ती तक्रार कायद्याने करायची असेल तर आधी आपले नाव त्या यादीत हवे.

तिसरी, कारखान्याचे कागद एका नावावर आणावेत किंवा भागीदारीचा लेखी करार करावा. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, अशी स्पष्ट ताकीद कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये आहे. धंद्यातल्या भागीदारीतही आपण तीच शिस्त पाळली तर भावाभावांतले निम्मे वाद होणार नाहीत.

चौथी, घरातल्या विडी कामगार बाईचे ओळखपत्र, पासबुक आणि फंडाचे खाते आधारशी जुळते आहे का, हे तपासावे. कायदे बदलत असताना ज्यांचे कागद अपुरे, त्यांचाच हक्क आधी हरवतो. आणि टॉवेल कारखानदारांनी शिलाईवाल्या बाईच्या हाती कामाची नोंदवही द्यावी. विडीवालीला जे कार्डाने मिळवून दिले, ते तिला निदान नोंदवहीने तरी मिळू दे.

सरकारनेही एवढे करावे की पुढच्या योजनेत मदतीला कर्जाची अट घालू नये. ज्याने स्वतःच्या किंवा भागीदाराच्या पैशाने माग घेतला, त्यालाही बिल दाखवून अनुदान मिळावे. ही मागणी एका समाजाची नाही. बँकेच्या दारात न पोचलेल्या प्रत्येक लहान कारखानदाराची आहे, आणि सोलापूरच्या यंत्रमागधारक संघटनांनी ती एकत्र मांडली तर तिला वजन येईल.